गाडीचा म्हातारा घोडा कामातून मोकळा करायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

वाघूरकाठ (जामनेर तालुका)

राम राम मंडळी.

शेतात गाडी ओढणारा गावठी घोडा आहे, मध्यम अंगाचा. विकणाऱ्याने वय पंधरा-सोळा सांगितलं होतं, पण डोळ्यांवरचे खळगे बघता ते पटत नाही. रबरी टायरची दोनचाकी गाडी, तीत कडबा, शेणखत, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, हंगामात केळीचे घड. आता गाडीचं काम छोट्या ट्रॅक्टरवर गेलंय. घोडा पुढच्या उजव्या पायाने लंगडतो, कडबा चावता चावता चोथ्याचे गोळे खाली पाडतो आणि बरगड्या दिसायला लागल्यात. चारही पायांना नाल आहेत.

घरचे म्हणतात विकून टाक. मला विकायचा नाही. पण नुसता गोठ्यात बांधून ठेवला तर चालेल का? काम एकदम बंद करावं की हळूहळू? नाल काढायचे का? खायला काय? गोशाळेत घेतात का? बैलांचं सगळं माहीत आहे, घोड्याचं नाही.

---

पांझरा_पशुवैद्य (धुळे)

लंगडतोय म्हणजे गाडी आजपासून बंद. यात हळूहळू वगैरे काही नाही. लंगडं किंवा जखमी जनावर कामाला जुंपणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हाच आहे. हळूहळू कमी करायचा असतो तो दाणा. काम थांबलं आणि चंदी (रोजचा दाणा) तशीच राहिली तर दोनपैकी एक होतं. पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची येते. नाहीतर टापेच्या आतला थर सुजतो. दोन्हींत घोडा जन्माचा जातो. म्हणून दाणा दर चार-पाच दिवसांनी पाव हिश्श्याने खाली आणा. कमी झालेल्या दाण्याची जागा चाऱ्याने भरा, पोट रिकामं ठेवू नका.

गोठ्यात बांधून ठेवणं मात्र नाही. वर्षानुवर्षं चालणारं जनावर एका जागी उभं राहिलं की चारही पाय खालून सुजतात, सांधे धरतात, आतडं मंदावतं. लंगडण्याचं कारण कळेपर्यंत मऊ जमिनीवर पाच-दहा मिनिटं सावकाश फिरवा. डॉक्टरने मोकळीक दिली की सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं हातात धरून.

वय दातावरून काढा. वरच्या जबड्यात समोरच्या दातांपैकी सगळ्यात कडेचा दात बघायचा. त्यावर एक उभी तपकिरी खाच असते. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराव्याला निम्म्या दातापर्यंत उतरते, विसाव्याला टोकाला पोचते. पुढे हिरडीकडून पुसत जाते. पंचविशीत वरचा अर्धा दात साफ, तिशीला खाच नाहीशी. दोन वर्षं इकडे-तिकडे धरा. विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा घोड्याचं तोंड खरं बोलतं.

चोथ्याचे गोळे पडतात म्हणजे दाढांचं दुखणं. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड घासून सुरीसारखी होते, गाल आणि जीभ कापली जाते. हलकी भूल देऊन, तोंड उघडं ठेवणारा गॅग लावून कानशीने त्या कडा घासतात. डॉक्टरला एक गोष्ट आधीच बोलून ठेवा: म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा सपाट करायला जायचं नाही, फक्त धार मोडायची. घोड्याची दाढ वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजते आणि तेवढीच वर सरकते. या वयात हिरडीखाली थोडीच उरलेली असते. जास्त घासली तर ती परत येत नाही. हलणारी दाढ असेल तर काढून टाकलेली बरी.

तपासणीला डॉक्टर येईल तेव्हा एकाच फेरीत धनुर्वाताची लस (पहिल्यांदाच असेल तर चार आठवड्यांनी दुसरी मात्रा, मग दरवर्षी), रेबीजची लस, शेणाची जंतांसाठी तपासणी आणि रक्ताचा नमुना उरकून घ्या. रक्त दोन गोष्टींसाठी. एक सर्रा, रक्तातल्या परजीवीचा रोग. पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाशांमुळे पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही घोडा वाळत जातो. तुमच्या वर्णनात बरगड्या आहेत, त्यामुळे हे बघायलाच हवं. दुसरा ग्लँडर्स. नाकातून चिकट पू, पायाच्या आतल्या बाजूने गाठींची माळ आणि त्या फुटून जखमा. हा माणसालाही होतो, घोड्यात याला उपचार नाही, आणि २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली तो कळवावाच लागतो. पक्की तपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. लक्षण नसलं तरी दुसऱ्या घोड्यांत सोडण्याआधी ही तपासणी करा.

दुखण्यावर मनाने सुई टोचून घेऊ नका. घोड्याला फेनिलब्युटाझोन चालतं, पण वजनावर मोजून. जास्त दिवस दिलं की जठरात व्रण आणि मूत्रपिंडाला मार. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांना मारतं. तरी कुणीतरी माणसांच्या दवाखान्यातली बाटली आणून देतोच.

वजन टेपवर काढून इथे टाका. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. येईल ते किलो. चारा, जंताचं औषध, सगळं त्यावरच ठरतं.

---

नालबंद_शहादा

डॉक्टरसाहेबांनी टाप माझ्यासाठी ठेवलेली दिसते.

नाल काढायचे, पण चारही एका दिवशी नाही. घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांवर भार पुढच्या पायांवर असतो, त्यात तुमचा पुढूनच लंगडा. आधी मागचे दोन काढा. दोन-तीन आठवड्यांनी, लंगडणं कशामुळे ते कळल्यावर, पुढचे. तळवा पातळ निघाला तर पुढचे नाल ठेवावेही लागतील. गाडी सुटली म्हणजे नाल सुटलाच पाहिजे असा काही नियम नाही.

काढताना पकड घालून ओढायची घाई करतात आणि टापेची भिंत तुकडे होऊन निघते. आधी टापेबाहेर वळवलेलं प्रत्येक खिळ्याचं टोक कानशीने घासून किंवा उचकटून सरळ करायचं. मग पकड टाचेकडून घालून नाल थोडा सैल करायचा, परत दाबायचा, वर आलेली खिळ्यांची डोकी एक-एक करून ओढायची. सगळे खिळे मोजून डबीत. एखादा जमिनीत राहिला तर तोच उद्या तळव्यात घुसतो. नाल निघाल्यावर कडा कानशीने गोल करा, धारदार ठेवली तर चार दिवसांत कपचे उडतात. तळव्याला चाकू लावायचा नाही. नाल काढल्यावर तोच त्याचा जोडा.

म्हाताऱ्याचा पाय उचलताना पोटापर्यंत वर घेऊ नका. सांधे धरलेले असतात, दुखतं, मग लाथ बसते आणि घोडा वाईट म्हणून बदनाम होतो. जमिनीपासून वीतभर उचला, मिनिट-दीड मिनिट धरा, खाली ठेवा, परत उचला. घोडा भिंतीला टेकून उभा केला की तोल सांभाळतो. सगळं एका बैठकीत होत नसेल तर आज दोन पाय, उद्या दोन.

पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी टाप कापायची. कामावर होता तेव्हा रस्त्याने झिजत होती, आता झिजणार नाही. हे विसरतात म्हणून रिटायर घोड्याच्या टापा पुढे होडीसारख्या वाढलेल्या दिसतात, आणि मागच्या शिरेवर ताण येऊन नव्याने लंगडतो.

आपली काळी जमीन पावसाळ्यात घोड्याची वैरी आहे. टापेत गच्च बसते, आत हवा जात नाही, तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग सडतो. काळा चिकट स्राव आणि नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे समजा. रोज हुकने टाप साफ करा, कोरडी करा, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवून बोळ्याने फटीत लावा. रक्त दिसतंय तिथे मोरचूद नाही. पण औषधाआधी उभं राहायची जागा: फूटभर मुरूम ठोकून उंच करा, वर सहा इंच नदीची वाळू. मऊ जागा असली की म्हातारा घोडा आडवा पडून झोपतो. कठीण फरशीवर उठताना घसरायची भीती असते, म्हणून तो आडवा पडणंच सोडतो, उभ्यानेच पेंगतो आणि गुडघ्यांवर कोसळून पुढून सोलवटतो.

---

वाघूरकाठ

टेप लावला. घेर १४८, लांबी १३६. हिशेबाने २५१ किलो येतं. खाच टोकापर्यंत गेलेली आहे आणि हिरडीपाशी जराशी पुसलेली, म्हणजे एकवीस-बावीस धरतो. मागचे नाल काढायला नालबंद येतोय, डॉक्टरही सांगितलेत.

आता खाण्याचं सांगा. घरात आहे: दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, गव्हाचा भुसा, मक्याचं मुरघास, सरकी पेंड, दुभत्या जनावरांचं गोळी खाद्य, थोडा लसूणघास. यातलं काय चालेल?

---

तापीकाठ_चोपडा

भाऊ, तुमच्या यादीतलं निम्मं घोड्याला विष आहे, ते आधी बाजूला काढा.

गोळी खाद्य: जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गायीला ते पचतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने जळतात, थोड्या मात्रेतही. पिशवीवर प्रत्येक वेळी लिहिलेलं असतंच असं नाही. म्हणून गायीचं पातेलंसुद्धा घोड्याला वापरू नका, आणि खाद्याची खोली अशी बंद करा की रात्री सुटला तरी आत जाणार नाही.

मुरघास: खड्ड्यात किंवा बॅगेत कुठे उंदीर, साप, माती गेली की बोटुलिझमचं विष तयार होतं. बैल-गायींपेक्षा घोडा त्याला फार हळवा. नकोच.

मका: खरिपाची कणसं पावसात भिजतात आणि दाण्यावर गुलाबी-पांढरी बुरशी येते. तसली कणसं कोंबड्यांना घातली जातात तशी घोड्यालाही घातली जातात. त्या बुरशीच्या विषाने घोड्याचा मेंदू आतून विरघळतो. आंधळ्यासारखा भिंतीला डोकं लावून उभा राहतो, गोल गोल फिरतो, दोन-तीन दिवसांत संपतो. औषध नाही. मका द्यायचाच नाही हा सोपा नियम.

सरकी पेंड: रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट तिच्यातलं गॉसिपॉल बरंच निकामी करतं, घोड्याचं पोट तसं नाही. बैलांनाच ठेवा.

कोवळी ज्वारी, काढणीनंतरचे फुटवे: किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते हे बैलवाल्याला सांगायला नको. घोडा तडकाफडकी मरण्याचं प्रमाण कमी, पण महिनोन्‌महिने ज्वारीचा हिरवा चारा खाऊन मागच्या पायांतली ताकद जाते आणि लघवी ठिबकत राहते. वाळलेला दादरचा कडबा चांगला.

राहिला भुसा. नुसता भुसा आणि कमी पाणी म्हणजे आतड्यात बूच. कडब्यात मिसळून अर्धा किलोच्या आत, तोही भिजवून.

२५० किलोच्या, दाढा गेलेल्या, कामावर नसलेल्या पण वाळलेल्या घोड्याचा दिवसाचा हिशेब असा ठेवा. दादरच्या कडब्याची बारीक कुट्टी, बोटाच्या एका पेरापेक्षा लांब नको, ३ किलो. हिरवा लसूणघास ५ किलो, कापून अर्धा दिवस सुकवलेला. जवाचा भरडा अर्धा किलो, हरभरा पाव किलो रात्रभर भिजवून, गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम. मीठ ३० ग्रॅम. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल, पहिल्या दिवशी दोन चमचे आणि दोन आठवड्यांत वाढवत ५० ते १०० मिली. दाण्याशिवाय वजन धरायला तेलासारखं दुसरं काही नाही, आणि टापेलाही धोका नाही. सध्या दाणा यापेक्षा जास्त चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तसं उतरवत या आकड्यावर या.

कोंडा स्वस्त मिळतो म्हणून किलोकिलोने घालू नका. त्यात फॉस्फरस भरपूर, चुना कमी. महिने गेले की हाडांतला चुना ओढला जातो आणि तोंडाची हाडं फुगतात. लसूणघास तोच तोल सांभाळतो. तो नसेल त्या दिवसांत खाद्याच्या दर्जाची चुनखडी पावडर ३० ग्रॅम.

कुट्टी दोन तास पाण्यात भिजवा, लगदा होईपर्यंत. दिवसाचं चार वेळा वाटून. कोरडं आणि घाईने खाल्लं की घशात अडकतं. मान लांब करतो, खोकतो, नाकपुड्यांतून हिरवट पाणी आणि चारा येतो. असं दिसलं तर खाणं-पाणी लगेच उचला, मान खाली राहू द्या आणि डॉक्टरला बोलवा. वरून पाणी ओतू नका.

घमेलं मोठं, जमिनीलगत, पण वाळूवर चारा टाकायचा नाही. वाळू पोटात साठते आणि पोट दुखतं. घमेल्याखाली रबरी मॅट किंवा जुनी ताडपत्री अंथरा.

पाणी थंडीत २० ते २५ लिटर. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा ४० लिटरच्या वर तयारी ठेवा. सिमेंटची टाकी उन्हात असेल तर दुपारी पाणी इतकं तापतं की घोडा तोंड लावत नाही, आणि संध्याकाळी पोटदुखी. टाकी सावलीत.

थोडा गूळ चालतो, चव येते.

---

पांझरा_पशुवैद्य (धुळे)

वरचा चारा बरोबर आहे, गूळ सोडून. एकवीस वर्षांच्या घोड्यात मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा आजार बराच आढळतो. ओळख अशी: उन्हाळा लागला तरी हिवाळ्याचे लांब, कुरळे केस गळत नाहीत, पाणी फार पितो, लघवी फार, पाठ खाली बसते आणि पोट सुटतं. अशा घोड्याला साखर गेली की टापेचा आतला थर सुजतो. गूळ, केळी, उसाचं वाढं, शिळ्या पोळ्या, लग्नातलं गोड, सगळं बंद. केस गळत नसतील तर चैत्रात मशीनने कापून टाका, नाहीतर खान्देशातल्या उन्हात तो धापा टाकत राहील.

टापेची सूज सुरुवातीलाच ओळखा. वजन मागे टाकून पुढचे पाय ताणून उभा राहतो, वळायला नको म्हणतो, टाप हाताला गरम लागते, टाचेच्या वरच्या खळग्यात बोट ठेवलं तर नाडी ठणठण लागते. त्या दिवशी चालवणं बंद, खाली जाड वाळू, टापा गार पाण्यात, आणि फोन.

पोटदुखीला गावोगाव एकच इलाज: बांबूच्या नळ्याने तेल पाजणे. घोड्याला उलटी करता येत नाही, आणि जबरदस्तीने ओतलेलं तेल सरळ फुफ्फुसात जातं. पोटदुखी बरी होते आणि घोडा न्यूमोनियाने मरतो. तेल द्यायचं तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतो. तोवर चारा उचलायचा, नाडी मोजायची. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप १०१ फॅरनहाइटच्या आत. नाडी ६० च्या वर आणि लीद बंद असेल तर वाट बघू नका. १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करताना हे तीन आकडे सांगा.

जंताचं औषध: आयव्हरमेक्टिन तोंडाने, किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या घोड्याला ५० मिलिग्रॅम. गायीसाठीचं इंजेक्शन घोड्याच्या मानेत टोचू नका. त्या जागी वायूचे जंतू वाढून मान सडल्याची उदाहरणं आहेत.

---

सातपुडा_रावेर

विकणं आणि गोशाळा यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, घोडे मोठ्या संख्येने येतात, पण तिथे भाव आहे तो तरण्या, देखण्या, नाचणाऱ्या जनावराला. लंगड्या म्हाताऱ्या तट्टूला तिथे जो गिऱ्हाईक भेटतो तो सांभाळायला नेत नाही. तो पुढे वीटभट्टीवर, नाहीतर लग्नाच्या हंगामात डांबरी रस्त्यावर डीजेपुढे उभा राहतो, आणि तिथून आणखी खाली. सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन सोडून देणं हाही कलम ११ खाली गुन्हाच. दंडाची रक्कम इतकी जुनी आहे की तिची कुणाला भीती नाही, हे वेगळं.

गोशाळेचं म्हणाल तर राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीला बंदी आली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलांनीच गोशाळा भरलेल्या आहेत. घोडा घेतला तरी तो शिंगांच्या गर्दीत, एकाच गव्हाणीवर, भुसा आणि पेंड यांवर राहणार. वर जे जे नको सांगितलं ते सगळं तिथे एका ठिकाणी. विचारायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: घोड्याला वेगळी जागा आहे का, टापा कोण कापतो, दाढा कोण बघतो. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे बोलू नका. सांगली-सोलापूरकडे ॲनिमल राहत ही संस्था कामकरी जनावरांत काम करते, सल्ल्यासाठी विचारायला हरकत नाही. जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात तिची चौकशी होते.

ओळखीच्या माणसाला सांभाळायला देत असाल तर स्टॅम्पवर लिहून घ्या: गाडीला, वरातीला, ओझ्याला वापरणार नाही, विकणार नाही, सांभाळणं जमेना तर परत देईल, औषधपाण्याचा खर्च कुणाचा. घोड्याचे दोन्ही बाजूंचे आणि कपाळावरच्या खुणेचे फोटो त्याला जोडा. नाती बिघडतात ती न लिहिलेल्या खर्चावरून.

आणि एक, वीटभट्टीवरचा म्हातारा घोडा पैसे देऊन सोडवायचा विचार इथले बरेच जण करतात. भट्टीवाला त्या पैशात दुसरा आणतो. त्यापेक्षा १९६५ चे ओझं ओढणाऱ्या जनावरांचे नियम त्याला दाखवा: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ च्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. आपल्याकडे फाल्गुन ते ज्येष्ठ हा तिसरा नियम जवळजवळ रोज लागू होतो.

कुंपणाला काटेरी तार असेल तर घोडा मोकळा सोडायच्या आधी ती काढा. बैल तारेला अडला की थांबतो, घोडा पाय अडकला की खेचतो आणि हाडापर्यंत सोलवटतो. साधी तार आणि तिला दिसतील अशा पांढऱ्या पट्ट्या पुरतात. बांधावर कण्हेर असेल तर मुळासकट उपटा. वाळलेली पानंही तितकीच विषारी, म्हणून छाटून तिथेच टाकू नका. शेजारच्या कपाशीवर फवारणी असेल त्या दिवसांत बांधाचं गवत बंद.

---

वाघूरकाठ

सगळ्यांचे आभार. गोळी खाद्य आजच वेगळ्या खोलीत कुलपात टाकलं, मुरघास थांबवलं. नालबंद म्हणतो पुढच्या उजव्या टापेत जुना खिळा तळव्याच्या अगदी जवळून गेलाय.

दोन गोष्टी राहिल्या. एकटा घोडा राहतो का? आणि बोलायला जड जातं, पण शेवटचं. घरचे म्हणतात आपोआप जाईल.

---

नालबंद_शहादा

खिळा तसा असेल तर अर्धं लंगडणं तिथेच आहे. तो पाय आधी उघडा, मी सांगितलेला क्रम या पायाला लागू नाही. खिळा ओला किंवा काळा निघाला, वास आला, तर आत पू आहे. डॉक्टर वाट करून देईल. टाप मिठाच्या कोमट पाण्यात दिवसातून दोनदा वीस मिनिटं, मग कापूस आणि वर जाड पोत्याचं बूट. धनुर्वाताची लस आजच.

जोडीला शेळी ठेवा, गाढव मिळालं तर उत्तम. कळपातलं जनावर आहे, एकटा ठेवला की दाराशी येरझाऱ्या घालतो आणि वजन धरत नाही. तुमचे बैल दावणीला दिसतील अशा अंतरावर असले तरी चालतं, मोकळे एकत्र मात्र नको, शिंग लागतं.

---

पांझरा_पशुवैद्य (धुळे)

आपोआप जाणं म्हणजे बहुतेक वेळा रात्री खाली पडणं आणि उठता न येणं. अडीचशे किलोचं अंग एका कुशीवर काही तास राहिलं की खालचे स्नायू मरतात. पडलेला सापडला तर आधी त्याला छातीवर बसता करा, दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावा, पुढचे पाय समोर सरळ करा आणि त्याला स्वतः जोर घेऊ द्या. जमत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला. मानेला किंवा शेपटीला दोर बांधून ट्रॅक्टरने उचलायचा नाही.

आताच, घोडा बरा असताना, कागदावर तीन अटी लिहा. उदाहरणार्थ: आठवड्यात दोनदा उठवावा लागला, औषध चालू असूनही चारा सोडला, आडवं पडणं पूर्ण बंद झालं. तीनपैकी दोन झाल्या की डॉक्टरला बोलवायचं. कायद्याने सहन न होणाऱ्या वेदनेतल्या जनावराला दयामरण देता येतं. आधी भूल देऊन, मग शिरेतून. पाच-सात मिनिटांचं काम आहे. त्या औषधाने मेलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर कुत्री-गिधाडं खाऊन मरतात, म्हणून पुरणं सक्तीचंच धरा.

खड्डा सात फूट लांब, चार-पाच रुंद, आठ फूट खोल, वर निदान चार फूट माती बसली पाहिजे. विहीर, बोअर, नाला यांपासून शंभर-दीडशे फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जागा आताच ठरवा आणि जेसीबी तिथवर येतो का ते बघा. आषाढ-श्रावणात काळ्या रानात जेसीबी उतरत नाही, त्यामुळे रस्त्याला लागून मुरमाड तुकडा असेल तर तोच धरा.

---

वाघूरकाठ

मुरमाड तुकडा आहे, गाडरस्त्याला लागून. एक शेवटचं: रात्री मोकळा सोडताना मोहरकी (तोंडावरचा दोर) ठेवू का? सकाळी धरायला सोपं जातं.

---

तापीकाठ_चोपडा

काढा. नायलॉनची मोहरकी खुंटीत, फांदीत किंवा त्याच्याच मागच्या टापेत अडकते आणि तुटत नाही. ठेवायचीच असेल तर गालाजवळचा एक जोड सुतळीचा करा, झटका बसला की सुटला पाहिजे. धरायला सोपं जावं म्हणून सकाळची भिजवलेली कुट्टी रोज एकाच जागी, हाक मारून द्या. आठ दिवसांत स्वतः चालत येईल.